नथूने लावलेला अर्थ

काशीला अन्य भाषेचं दान मिळालं तेव्हा तिच्या हातात वालाच्या शेंगांची टोपली होती, आणि ती खाली ठेवायचं भान तिला राहिलं नाही.

१९९९ सालच्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार होता. पहिल्या तोडीच्या शेंगा पास्टरला द्यायच्या म्हणून तिने उपासनेला आणल्या होत्या. गाणं संपलं, सगळे उभे राहिले, सगळ्यांनी डोळे मिटून हात वर केले. काशीनेही केले, आणि हातांबरोबर टोपलीही वर गेली. मग तिच्या छातीत काहीतरी हललं. दूध उतू जाण्याआधी पातेल्याच्या कडेकडेने जसं थरथरतं, तसं. ते गळ्यापर्यंत चढलं, आणि तोंड उघडून ती बोलायला लागली. जे बोलत होती ते तिला कळत नव्हतं. ते नुसते आवाज नव्हते. त्यांत शब्द सुटे ऐकू येत होते, मधे श्वास होता, एखादं वाक्य संपल्यासारखं खाली उतरत होतं आणि दुसरं लगेच वर चढत होतं. फक्त त्यातलं काहीच कोणाच्या ओळखीचं नव्हतं. तिचे हात थरथरत होते आणि टोपलीतून शेंगांचा पाऊस पडत होता.

एक शेंग रेश्माच्या पाठीवरून थेट पोलक्यात गेली. रेश्मा गाण्यांना खंजिरी वाजवायची. ती किंचाळली, मग हसायला लागली, आणि हसू आवरेना म्हणून खंजिरीच तोंडावर धरून बसली. शेजारच्या बायका हसल्या. त्यांच्या मागचे पुरुष हसले. करवंदेवाडीच्या ख्रिस्ती मंडळीत उपासनेत कोणी रडलं किंवा हसलं तर त्याला गप्प करायची रीत नव्हती, त्यामुळे ते हसू कुडाच्या चार भिंतींत आणि वरच्या पत्र्याखाली बराच वेळ फिरत राहिलं. सव्वीस माणसं हसत होती आणि मधोमध काशी, जिचा आवाज वाडीतल्या अर्ध्या लोकांनी आयुष्यात ऐकला नव्हता, ती धबधब्यासारखी बोलत होती.

"प्रभूची स्तुती असो!" पास्टर शेखर ओरडला. त्याच्या डोक्यावर दोन शेंगा होत्या.

बाहेर उंबराखालच्या दगडावर काशीचा नवरा नथू तंबाखू मळत बसला होता. तो आत कधी येत नसे. "तुझा देव तुझा, माझे देव माझे," असं त्याने तीन वर्षांपूर्वीच सांगून टाकलं होतं. पण रस्त्यात ओढा होता, ओढ्याकाठी कुत्री होती, म्हणून दर रविवारी तो तिला सोडायला येई आणि उपासना संपेपर्यंत दगडावर बसे. काशी रिकामी टोपली घेऊन बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते.

"काय झाला गो आत? येवढी का हसत होती माणसा?"

"मला भाषा मिळाली."

"कुठली?"

"ती म्हाईत नाय."

नथूने तंबाखू तोंडात टाकायची थांबवली. "तीस वरसा झाली लगीन होऊन. मराठी तरी कवा बोललीस धड? नि आता दुसरी घेतलीस?"

काशीला पुन्हा हसू आलं. ओढ्यापर्यंत येत राहिलं.

नथूचं म्हणणं काही खोटं नव्हतं. तो गुरांचा दलाल होता. म्हशाच्या जत्रेत घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहून दोघांचंही बोलणं एकटा बोलायचं, हे त्याचं काम. लंगडा बैल त्याच्या तोंडून रुबाबात चाले. जत्रा संपली तरी त्याचं तोंड चालूच राही. घरी काशीला कोणी काही विचारलं की उत्तर नथू देई. कशी आहेस वयनी? "बरी हाय, बरी हाय, गुडघा जरा दुखतोय तिचा." भाजी काय केलीस? "शेवग्याची केलीय तिने." सुरुवातीला काशी तोंड उघडून थांबायची. मग थांबायचंही सोडलं. तिला त्याचा राग होता असं नाही. पावसात कौल गळतं तसं ते होतं. खाली भांडं ठेवायचं आणि आपलं काम करायचं.

म्हणून त्या रविवारी जे झालं त्याची तिला इतकी नवलाई वाटली. पुढच्या रविवारी ते पुन्हा झालं. लहानपणी ती माहेरच्या टेकडीवरून खाली पळायची, आणि अर्ध्यावर आलं की पाय तिच्याआधी पळायला लागायचे. थांबता यायचं नाही, थांबावंसंही वाटायचं नाही. हे तसंच होतं. फक्त पायांच्या जागी जीभ होती. पंधरा-वीस मिनिटांनी ते आपोआप ओसरे, आणि मग तिचं अंग हलकं होई, इतकं की ओढा ओलांडताना दगडावर नीट पाय टेकतोय ना हे बघावं लागे. सोमवारी ती भांडी घासताना गुणगुणे. गुरुवारपासून रविवारची वाट बघे. पन्नाशीला आलेल्या बाईला काही इतकं आवडावं याची तिला थोडी लाजही वाटे.

वाडीत बातमी पसरायला दोन आठवडे लागले, आणि पसरता पसरता ती वाडीच्या मापाची झाली. काशीला वारं येतं.

यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. भोवतालच्या वाड्यांत वारं येणारी माणसं होतीच. वारं आलं की त्या माणसाचं अंग घुमतं, तोंडून न समजणारं काहीतरी येतं, जवळ बसलेला घरचा माणूस त्याचा अर्थ सांगतो, आणि लोक नारळ ठेवून आपली अडचण विचारतात. म्हैस दूध का चोरते, सून माहेरी का बसलीय. फक्त हे वारं रविवारी सकाळी दहाला येतं आणि पत्र्याच्या शेडमध्ये येतं, एवढाच फरक. वेळ ठरलेली असल्यामुळे उलट सोयीचंच.

पहिला आला काळूराम. जत्रेत घेतलेल्या बैलजोडीतला एक बैल चार दिवसांपासून हरवला होता. रविवारी उपासना सुटायच्या वेळी तो डोक्याला मुंडासं बांधून, नारळ घेऊन दारात उभा राहिला. काशी बाहेर आली ती अजून पुरती निवली नव्हती. ओठ हलत होते, मधूनच एखादा अनोळखी शब्द फुटत होता. काळूरामने नारळ तिच्या पायाशी ठेवला आणि हात जोडले.

"वयनी, माझा बैल कुठं हाय?"

काशी त्याच्याकडे बघत राहिली. तोंडातून आणखी दोन शब्द आले, तेही मराठी नव्हते.

काळूरामने आशेने नथूकडे पाहिलं. शेजारी उभा असलेला घरचा माणूस तोच होता.

आता नथूच्या जागी दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बाबा, मला काय ठाऊक. पण प्रश्न विचारला गेलाय आणि आपण उत्तर दिलं नाही, असं नथूच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. शिवाय बैल कुठे असणार हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो बैल त्यानेच विकून दिला होता, टोकावड्याकडच्या एका म्हाताऱ्याचा. दावं सोडवून बैल कुठे जाणार? जुन्या गोठ्यात.

त्याने डोळे बारीक केले. "ती बोलते, उगवतीला जा," तो म्हणाला. "दोन ओढे लागतील. चिंचेखाली गोठा हाय. तिथं तुझा बैल उभा हाय, नि तुझ्याकडंच बघतोय."

बुधवारी काळूराम बैल घेऊन परतला. येताना वाटेतल्या प्रत्येक वाडीत थांबून त्याने ते सांगितलं.

पुढच्या रविवारी पास्टर शेखर किन्हवलीच्या बाजूने मोपेडवर आला, तर शेडच्या बाहेर लोकांची रांग होती. शेखर आसनगावच्या एका कंपनीत फिटर होता. सहा दिवस मशीन आणि सातव्या दिवशी मंडळी. तीन वर्षं तो प्रार्थना करत होता की प्रभू, ही सव्वीसची संख्या वाढू दे. त्याने मोपेड तशीच सोडली. ती आडवी पडली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"हालेलुया!" तो म्हणाला. "या, या, आत या! टाइम झालाय!"

लोक आत आले. गाणी झाली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेखरने उपदेश केला, त्यांनी माना डोलावल्या. मग हात वर झाले, काशीची भाषा सुरू झाली, आणि सगळी नवी मंडळी एकदम उठून तिच्याभोवती गोळा झाली. शेखरने डोळे उघडले तेव्हा काशीसमोर बावीस नारळ ओळीने मांडलेले होते. एकावर हळदकुंकूही वाहिलेलं होतं. आणि शेडच्या उंबऱ्याच्या आत कधी पाऊल न टाकलेला नथू काशीच्या उजव्या हाताला उभा राहून कामाला लागला होता.

"माझी कोंबडी अंडी कुठं घालते?" बारकीने विचारलं. ती काशीची शेजारीण.

काशी हात वर करून, डोळे मिटून बोलत होती. तिला बारकीचं काही ऐकूच आलं नाही.

"ती बोलते, पेंढ्याच्या उडवीत बघ. मागच्या बाजूने."

"माझा पोरगा बारावीला पास व्हईल?"

"ती बोलते, गणितात घासून व्हईल."

"सकाळची यष्टी वाडीपर्यंत कवा येईल?"

इथे नथूही क्षणभर थांबला. "ती बोलते, ह्या जल्मात नाय."

रेश्मा खंजिरी टाकून भिंतीकडे तोंड करून हसत होती. तिचे खांदे हलत होते. शेखरला मात्र घाम फुटला. "अरे, थांबा! नथूमामा, काय चाललंय? हे वारं नाहीये! हा पवित्र आत्मा आहे!"

"मी कुठं नाय म्हणतो?" नथू म्हणाला. "पण बोलतो ना तो? मग कोणीतरी सांगाया पायजे ना काय बोलतो ते."

बायबलात जवळपास असंच लिहिलंय हे शेखरला आठवलं आणि त्याचा घाम आणखी वाढला.

त्या संध्याकाळी तो सरळ कल्याणला गेला, ज्येष्ठ पाळकांकडे. हे कुंडलिक गुरुजी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आणि आजूबाजूच्या अकरा मंडळ्या त्यांच्या देखरेखीखाली होत्या. बुधवारी रजा टाकून शेखर काशीच्या दारात आला. नथू गुरं बघायला गेला होता हे बरंच झालं.

"काशीमावशी, गुरुजी येत्या रविवारी येतायत," तो म्हणाला आणि दाराच्या चौकटीला नखाने खरवडत राहिला. "ते म्हणतात, मंडळीत अन्य भाषा बोलायची तर अर्थ सांगणारा पाहिजे. आणि तो खरा पाहिजे. नसेल तर बोलणाऱ्याने उपासनेत गप्प बसायचं. तुमचं बोलणं ऐकून नारळ येतायत, हे चालायचं नाही."

"गप म्हंजी किती दिस?"

"म्हणजे... नेहमीसाठीच, मावशी."

काशीने मान हलवली. तो गेल्यावर ती चुलीशी बसली आणि तिने गप्प राहायचा सराव करून पाहिला. डोळे मिटले, हात वर केले, पदराचा बोळा तोंडात धरला. छातीत ते थरथरायला लागलं, वर चढलं, आणि बोळ्याला येऊन थडकलं. तिचे गाल फुगले. नाकातून फुर्र असा आवाज आला आणि चुलीतली राख उडाली. तिला स्वतःचंच हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. बोळ्याने ते राहणार नव्हतं. मग रविवारी मंडळीत जाणंच बंद करावं लागणार होतं. आणि घरी, एकटीने? घरी नथू असतो.

त्या दिवशी तिने वरणात मीठ घातलं नाही. नथूने पहिला घास घेतला, तिच्याकडे पाहिलं, आणि समजला.

"पास्टर आलेला ना? सांगितला मला बारकीने."

"तुमी खोटं सांगता माणसांना," काशी म्हणाली.

"खोटं काय? बैल मिळाला ना?"

"मी सांगितला का?"

"मग तू काय सांगतीस ते बोल."

"मला म्हाईत नाय."

"तुला म्हाईत नाय, मला म्हाईत नाय, मग माझा खोटा कसा?" त्याने विजयाने पुढचा घास घेतला, आणि अळणी वरणामुळे त्याचा विजय अर्धा झाला. "काशे, आयक. गुरुजी येऊ दे नायतर कोण पण. आजवर माझ्यापुढं कोणाचा चालला नाय. मी असा अर्थ सांगेन, गुरुजी सवताच नारळ घेऊन येईल."

काशीला हीच तर भीती होती.

रविवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीचा कूड दोन ठिकाणी फाकवून बाहेरचे लोक आत डोकी घालून बघत होते. कुंडलिक गुरुजी पांढरा सदरा घालून खुर्चीवर बसले होते, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी नारळ मोजल्यासारखी नजर फिरवली. नथूने त्या दिवशी जत्रेतला फेटा बांधला होता.

गाणी झाली. शेखरचा उपदेश झाला. तो मधेच दोनदा विसरला. मग गुरुजी उठले.

"भगिनी काशीबाई कोण?"

"ही माझी मंडळी," नथू म्हणाला. "गुडघा दुखतो तिचा, पण बाकी—"

"मी त्यांना विचारतोय."

काशी उभी राहिली. साठ-सत्तर माणसं तिच्याकडे बघत होती आणि तिचे डोळे उघडे होते. अन्य भाषेत बोलताना डोळे मिटलेले असतात. उघड्या डोळ्यांनी बोलणं फार अवघड आहे हे तिला त्या क्षणी कळलं. पण तोंडाला बोलण्याची वाट महिन्याभरात पडून गेली होती. छातीत तेच थरथरलं, तसंच वर चढलं, आणि या वेळी मराठीत बाहेर आलं.

"बैल मी नाय सांगितला," काशी म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की ती स्वतःच दचकली. "ह्यांना म्हाईत होता. ह्यांनीच इकलेला तो बैल. जुन्या घरी जाणार, दुसरा कुठं जाईल? बारकीची कोंबडी उडवीत बसते ते मला पण म्हाईत हाय, रोज बघते मी. त्याला देव कशाला पायजे? नि यष्टीचा तर सगल्यांना म्हाईत हाय. मी काय बोलते ते मला ठाऊक नाय. पण कोणाच्या बैलाचा नाय बोलत. आता मला गप बसवायची तर बसवा. पण नारळ घेऊन जा आपापले."

बारकीच्या हातातला नारळ खाली पडला आणि गडगडत गुरुजींच्या खुर्चीखाली गेला.

मागून काळूरामचा आवाज आला, "नथ्या! तुला म्हाईत होता नि मला चार दिस फिरवलास?"

"तीन दिस तू मला इचारलाच नाय!" नथू म्हणाला.

"गप्प!" गुरुजी म्हणाले. मास्तरांचा आवाज होता तो. सगळी शेड, कुडाबाहेरच्या डोक्यांसकट, गप्प झाली. त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि नथूकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही अर्थ सांगता म्हणे. मीही ऐकतो. बाई, तुम्ही प्रार्थना करा. आपण सगळेच करू. आणि भाऊ, तुम्ही इथे, त्यांच्यासमोर उभे राहा. जे ऐकाल तेच सांगायचं. नाहीतर मला यांना गप्प बसवावं लागेल, आणि ते तुमच्यामुळे असेल."

नथूने फेटा सारखा केला आणि काशीसमोर उभा राहिला.

आजपर्यंत तो बाजूला उभा राहिला होता, लोकांकडे तोंड करून. त्याआधी तर बाहेर उंबराखाली. काशी बोलते तेव्हा तिचं तोंड कसं दिसतं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. रेश्माने खंजिरी हलवली. हात वर गेले. काशीला वाटलं, आज काही येणार नाही, मघाशी सगळं सांडून गेलं. पण ते आलं. आधी कडेकडेने, मग एकदम. टेकडीचा उतार लागला आणि तिचे पाय पुढे पळाले. ती बोलत होती, मधेच हसत होती, हसत असताना पुन्हा बोलत होती, आणि एका ठिकाणी तिने काही विचारल्यासारखं केलं, थांबून कान दिला, आणि मग जणू उत्तर मिळालं म्हणून टाळी वाजवली.

शेड वाट बघत होती. नथूने तोंड उघडलं. बारकी पुढे झुकली.

नथूने तोंड मिटलं.

त्याने पुन्हा उघडलं. "ती बोलते..." तो म्हणाला, आणि थांबला. रेश्माने नंतर शपथेवर सांगितलं की नथूमामाच्या तोंडून अर्धं वाक्य बाहेर येऊन थांबलेलं तिने तिच्या जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"सांगा," गुरुजी म्हणाले.

नथूने फेटा काढला आणि डोकं खाजवलं. "गुरुजी, माझा धंदा हा हाय. घेणारा एकीकडं, इकणारा दुसरीकडं, नि मी मधी. कोण कोणाशी बोलतो ते मला नुस्ता तोंड बघून कळतं. डोळे बैलावर असतात नि बोलणं असतं दुसऱ्याशी, असा पण असतो. आता हिचा तोंड बघा." त्याने काशीकडे हात केला. ती अजून बोलतच होती. "ही आपल्याशी बोलतच नाय. तुमच्याशी नाय, माझ्याशी नाय, काळूरामशी तर नायच नाय. हिचा बोलणा दुसऱ्या कोणाशी चाललाय, नि तो आयकतोय. त्यांच्या मधी मला कोणी उभा केलेला नाय. मी काय सांगू?"

तो खाली बसला. उभं राहायची आपली जागा नाही असं वाटून बसला असावा.

कुंडलिक गुरुजींच्या पोटाजवळ सदरा हलायला लागला. शेखरला वाटलं, गुरुजींना काही झालं की काय. गुरुजी हसत होते. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, तो दोरीला लोंबकळत राहिला.

"शेखर," ते म्हणाले, "अन्य भाषेत बोलणारा माणसांशी बोलत नाही, देवाशी बोलतो, हे तुला शिकवायला मला दोन वर्षं लागली होती, आठवतं? आणि हा माणूस बैल विकता विकता शिकला."

"म्हंजी अर्थ बरोबर लागला?" बसल्या जागेवरून नथूने विचारलं. हरता हरता सौदा जिंकल्याचा वास त्याला लगेच आला होता.

"लागला. त्यांना बोलू द्या. फक्त यापुढे कोणी काही विचारायचं नाही. विचारायचं असेल तर मुकाट्याने देवाला विचारायचं. आणि तुम्ही," गुरुजी नथूला म्हणाले, "उत्तरं द्यायची नाहीत."

"अजिबात नाय," नथू म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते किती अवघड जाणार आहे हे सगळ्यांना दिसलं.

"मंग ह्या नारळांचा काय करायचा?" बारकीने विचारलं. एव्हाना ती गुरुजींच्या खुर्चीखाली शिरून आपला नारळ ओढत होती.

सगळ्यांनी नारळांकडे पाहिलं. एकतीस होते. ते परत न्यायला कोणी तयार नव्हतं. देवापुढे ठेवलेला नारळ तसाच घरी कसा न्यायचा? गुरुजी म्हणाले, फोडा आणि खा, खोबऱ्याला धर्म नसतो. उंबराखालच्या दगडावर, जिथे नथू तीन वर्षं बसला होता, तिथे काळूरामने पहिला नारळ आपटला. पाणी उडालं ते थेट शेखरच्या तोंडावर. रेश्माला पुन्हा हसू फुटलं, तिने दुसरा आपटला, तो तिरका लागून गडगडत मोपेडकडे गेला आणि सहा माणसं त्याच्यामागे पळाली. वाडीच्या बायकांनी कुणाच्या तरी घरून गूळ आणला. नारळाचं पाणी ओंजळीतून प्यायलं गेलं. मंडळीतले आणि बाहेरचे सगळे मिसळून गेले, आणि कोण कोणत्या देवाचं हे खोबरं चावणाऱ्या तोंडावरून ओळखता येत नव्हतं.

काशी अजून निवली नव्हती. ती दारात टेकून बसली आणि पोट धरून हसत राहिली. गुरुजींनी तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि मान लववली. तिला काही विचारलं नाही.

गर्दीच्या कडेला शेखर नथूला बाजूला घेऊन उभा होता. "नथूमामा," तो इकडे-तिकडे बघत हळूच म्हणाला, "मला परमनंट करतील का हो कंपनीत?"

नथूचं तोंड उघडलं. त्याने गुरुजींच्या पाठीकडे पाहिलं, काशीकडे पाहिलं, आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

दुपारी दोघं घरी निघाले. ऊन होतं, वाटेवर मोहाचा वास होता. नथूने फेटा काखेत मारला होता. काशी पुढे चालत होती आणि बोलत होती. आधी तिने गुरुजींचा सदरा कसा हलत होता ते सांगितलं. मग बारकी खुर्चीखाली शिरली ते. मग तिला आठवलं की शेवग्याची भाजी तिला मुळीच आवडत नाही, तीस वर्षं नथू लोकांना सांगतोय म्हणून ती करतेय, आणि तेही तिने सांगितलं. मग माहेरच्या टेकडीचं. मग यंदा म्हशाच्या जत्रेत पाळण्यात बसायचं राहून गेलं होतं ते, पुढच्या वर्षी ती बसणार होती, आणि त्यालाही बसावं लागणार होतं, भीती वाटली तरी.

ओढ्याकाठची कुत्री भुंकायला उठली, तिचं बोलणं ऐकून थबकली आणि पुन्हा सावलीत जाऊन पडली. काशी दगडांवरून पलीकडे गेली, तोंड चालूच.

ओढा ओलांडून घर येईपर्यंत नथू एक शब्द बोलला नाही. मधे शिरायला जागाच नव्हती.